पाया पडणाऱ्या गाडीवाल्याबाबत

अप्पा,

वकील ठरल्या. पण आईने विचारलं तर असं काही झालेलं नाही, मी दाढी करायला गेलोय. म्हणून चिठ्ठी तुमच्या चष्म्याच्या डबीत ठेवतोय.

वकीलपत्रावर सही डाव्या हाताने केली. उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून काही कळत नाही. घरात सध्या तीच सुखी आहेत.

मिसबा इनामदार मॅडमना सगळं सांगितलं. खराडीच्या चौकात गाडीवाल्याने आपली स्कूटर आडवी केली, मी खाली अडकलो. तो उतरला, तुम्हाला बघून "सर, तुम्ही!" म्हणाला आणि भर रस्त्यात तुमच्या पाया पडला. तुम्ही आशीर्वाद दिलात. मग पोलिसांना "आमची काही तक्रार नाही" असं लिहूनही दिलंत, शुद्धलेखनाची एकही चूक न करता.

मॅडम म्हणाल्या, "वडिलांचा कागद आपल्याच विरुद्ध जातोय." मी म्हटलं, विद्यार्थ्याला नापास करायची त्यांना सवय नाही.

तरी भरपाईचा दावा लावता येतो. फक्त चूक त्याची होती, एवढं तुम्ही कोर्टात सांगायचं. गुरुवारी अकराला, शिवाजीनगर.

अर्जदाराची आणखी एक विनंती: त्या दिवशी आपण आधी माझ्याकडे धावलात, अशी पूर्वलक्षी प्रभावाने नोंद व्हावी.

शौनक