पेटी बोलते, पण माझ्याच कानात

१ ऑक्टोबर १९४३
अखेर रेडिओची पेटी घरी आली. बदली होऊन निघालेल्या रेल्वेच्या गोऱ्या साहेबाने सामान विकायला काढलं होतं. लोक खुर्च्या-कपबश्यांवर तुटून पडले, मी पेटी उचलली. पारख लागते. कातडी पट्ट्याची आहे, हातात धरून कुठंही नेता येते. आत दोन व्हॉल्व्ह आणि बॅटरी. भोंगा नाही, आवाज फक्त हेडफोनमध्ये. म्हणजे अख्ख्या आमगावात जगाची बातमी आता एकाच माणसाच्या कानात, आणि तो माणूस यादोराव किराणावाले.
सौ.ने विचारलं, हे चालवायचं कसं याचा कागद कुठं आहे. कागद अडाण्यांना लागतो.
निश्चय. रोज दिवेलागणीला ऐकायचं. हेडफोन कोणाला द्यायचा नाही. आणि स्वतः ऐकल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही. अफवांनी या गावाचं वाटोळं केलं आहे.

२ ऑक्टोबर
एरियलची तार दारापुढच्या छपरीपासून समोरच्या चिंचेपर्यंत ताणली. अर्थची, म्हणजे जमिनीची तार घरामागच्या बांधीत, धानाच्या चिखलात पुरली. दुपारी पाहतो तर एरियलवर सौ.चं लुगडं! बोललो. म्हणाली, एवढी चांगली दोरी रिकामी काऊन ठेवाची.
संध्याकाळी काही लागलं नाही. कारण उघड आहे. लुगडं ओलं होतं.

४ ऑक्टोबर
लंडन लागलं! घर्रर्र, एकसारखं, दमदार. शब्द अजून सुटे होत नाहीत. पण एवढं मोठं यंत्र मागे चालल्याचा आवाज दुसऱ्या कोणाचा असणार? इंग्रजाचंच काम. दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं की लंडनात ठीक आहे.

६ ऑक्टोबर
आज बाजार. आणि लंडन बंद! चिडीचूप! जर्मनाने बॉम्ब टाकला, दुसरं काय. तसाच उठलो आणि बाजारात जाऊन सांगितलं. शेजारच्या राइस मिललाही बाजाराची सुट्टी, इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे माझं बोलणं लांबपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. दोन बायका रडल्या. त्यांचं लंडनात कोणी नाही, तरी रडल्या.

७ ऑक्टोबर
सकाळी मिल सुरू झाली, संध्याकाळी लंडनही सुरू. मानलं बुवा इंग्रजाला. एका दिवसात उभा राहिला.
सौ. म्हणते, पेटी मिलच्या भिंतीला लागून आहे, जरा इकडं सरकवून पाहा. जागचं लागलेलं स्टेशन कोणी हलवतं का?

९ ऑक्टोबर
आज जबाबदारीचं काम आलं. नीट लिहून ठेवतो.
धनवंता दुकानात आली. जंगलाकडच्या टोलीत, छोट्या वस्तीत राहते, चारोळी घेऊन येते, मीठ-तेल घेऊन जाते. तिचा मुलगा बुधराम फौजेत भरती झाला, सिंगापूर पडलं तेव्हा तिकडंच होता. तेव्हापासून पत्ता नाही. मेल्याची तार नाही, जिवंत असल्याची चिठ्ठी नाही. तिला कोणीतरी गोंदियात सांगितलं की जपानचं स्टेशन संध्याकाळी कैद्यांची नावं वाचून दाखवते. तर तुमची पेटी माह्या पोराचं नाव सांगेल काय, असं विचारत होती.
मागे सून उभी होती, मंगली.
गोष्ट अशी की मंगलीचा बाप सुकराम केशोरीकडचा. तो म्हणतो, दोन पावसाळे झाले, पोरीनं किती वाट पाहावी? दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपर्यंत बातमी नाही आली तर तो मंगलीला घेऊन जाणार आणि तिकडच्या एका बिजवराशी तिचा पाट लावणार. जातीचे पंच पण हो म्हणाले. मंगलीला जायचं नाही. धनवंताचं म्हणणं, सून गेली म्हणजे पोरगा मेलाच असं समजायचं.
मला राहवलं नाही. सांगितलं, बाई, जा घरी. बुधरामला शोधून देणं माझ्याकडे. चार दिवसांत.
रात्री जेवताना सौ. म्हणाली, शब्द कायले देऊन बसले? तिचा पोरगा हाय तो, गुळाची भेली नाही.

१० ऑक्टोबर
लंडन सोडून जपान शोधायला लागलो. जपानचं स्टेशन ऐकलेलं सरकारला खपत नाही, म्हणून हेडफोनच बरा. बटण केसभर फिरवावं लागतं. खरखर. कुईं. पुन्हा खरखर. धनवंता छपरीत येऊन बसली होती. मी कपाळाला आठी घातली की ती पदर तोंडाला लावते.

१३ ऑक्टोबर
चार दिवस झाले. काही नाही. हवा दमट आहे, जपान दूर आहे, शिवाय सौ. भांडी घासते त्याची गडबड. धनवंता रोज येते. माझ्या कानाकडे नाही, तोंडाकडे पाहते. आज तिला म्हणालो, तुम्ही बसता म्हणून स्टेशन लाजते. तेव्हापासून ती चिंचेखाली जाऊन बसली. तिथूनही दिसतेच.

१६ ऑक्टोबर
आवाज बारीक होत चालला. बॅटरी थंडावली असणार. नवी मिळत नाही, सगळी लढाईवर जाते. पण जाणकार लोक बॅटरी उन्हात शेकतात हे मला माहीत आहे. आज ऊन नव्हतं. चुलीवर ठेवली.
थोडं मेण गळालं. सौ.च्या वरणात पडलं. ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

१७ ऑक्टोबर
काय सांगू! बॅटरी शेकल्यापासून खरखर साफ गेली! कुईं नाही, घर्र नाही, काही म्हणजे काही नाही. याला म्हणतात क्लिअर. सौ.ने एक कान लावून पाहिला आणि म्हणाली, पेटी मेली. क्लिअर आणि मेलेली यातला फरक तिला कसा कळावा?

१९ ऑक्टोबर
लागलं! नाव लागलं!!
दिवेलागणी. डोळे मिटून, श्वास रोखून बसलो होतो. आतून फार लांबून, ओढ्याच्या तळातून यावं तसं, आलं: ...राम. मग शांत. मग पुन्हा ...राम. आता जपानी माणूस उगाच राम कशाला म्हणेल? त्याच्या आधी बुध असणारच.
धावत चिंचेखाली गेलो. धनवंताला सांगितलं, आहे! जिवंत आहे! नाव वाचलं! बाई उठून छपरीत आली. मग पेटीच्या पाया पडली. पेटीला पाय नाहीत, तिनं पट्ट्याला डोकं टेकवलं. सौ. दारात उभी होती, तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. तोंडात कोणी साखर घातल्यासारखं वाटलं मला.
सासूला न्यायला आलेल्या मंगलीने फक्त एवढंच विचारलं की तुम्ही सोता आयकलं ना भाऊ. म्हणालो, या दोन्ही कानांनी.

२१ ऑक्टोबर
टोलीत धनवंताने गूळ वाटला. मला नमस्कार होऊन राहिले. रेल्वे स्टेशनवरचे लोक ओळखतात. एकाने हरवलेली म्हैस विचारली. त्याला स्पष्ट सांगितलं की म्हशीचं वेगळं स्टेशन असते, ते अजून सापडलं नाही.
पुढचा विचार: गोंदियात मोठ्या हॉलमध्ये प्रयोग. यादोराव यांचे आकाशश्रवण. तिकीट ठेवावं की नाही?

२४ ऑक्टोबर
सुकराम आला. केशोरीहून चालत. उंच, वाळका, कमी बोलणारा माणूस. छपरीत उकिडवा बसला आणि म्हणाला की पेटी खरी असेल तर मीच तिच्या पाया पडतो, माह्या पोरीचं कुंकू राहिलं तर मले का वाईट वाटते? पण आयकलेली गोठ आणि आयकवलेली गोठ यात फरक असते. मंडईच्या दिवशी तो पंच घेऊन येणार, आणि हेडफोन स्वतःच्या कानाला लावणार. आवाज आला तर आणखी वाट पाहील. नाही आला तर त्याच दिवशी पोरगी सोबत नेईल.
मी म्हणालो, अवश्य! दोन पंच काय, दहा आणा.
तो गेल्यावर पाणी प्यायलो. तांब्याभर.

२७ ऑक्टोबर
राम पुन्हा लागला नाही. साहजिक आहे. एकदा वाचलेलं नाव ते कितीदा वाचतील? नुसता आवाज आला तरी पुरे. तोही नाही. बांधीतलं पाणी सोडलंय, चिखल वाळला, अर्थची तार कोरडी पडली असेल. दोन घागरी ओतून आलो. शेतात कापणारे लोक हसले. मी पाहिलं नाही त्यांच्याकडे.
आज बाजार, मिल बंद. पेटीही गप्प. काल मिल चालू होती तेव्हाही गप्पच होती, म्हणजे मिलचा काही संबंध नाही हे सिद्ध झालं.

२८ ऑक्टोबर
दिवाळी. सौ.ने दिवे लावले. मी पेटीपुढे. धनवंता सकाळी गुळाची बोंडं नि लाह्या देऊन गेली, म्हणाली, तुमच्यामुळं आमच्या घरी या साली दिवा लागला. लाह्या खाल्ल्या गेल्या नाहीत.
सौ. म्हणाली, अजून बी वेळ हाय, जाऊन खरं सांगून टाका. मी म्हणालो, खरं काय? खरं तर मी सांगितलंच आहे! तिने माझ्यापुढं एक दिवा आणून ठेवला.

१ नोव्हेंबर
मंडई.
ढोलकी वाजत होती, लोक दंडारीचा खेळ पाहायला निघाले होते, आणि माझ्या छपरीत सुकराम, दोन पंच, धनवंता, मंगली. मंगलीची गाठोडी बापाने आधीच टोलीतून बांधून आणली होती. ती पायरीवर ठेवलेली. माझी नजर सारखी तिकडंच.
सुकरामने पागोटं काढून हेडफोन लावला. बसला. खूप वेळ बसला. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मी बटण फिरवत होतो, घाम डोळ्यांत जात होता. मनात म्हटलं, देवा, एकदा, नुसतं एकदा घर्र होऊ दे. त्याने हेडफोन काढला आणि म्हणाला, नाही. पहिला पंच, नाही. दुसरा पंच म्हणाला की कानात स्वतःच्याच रक्ताचा आवाज येते, दुसरा नाही. मी पागोटं, हवा, ढोलकी, सगळी कारणं सांगितली. कोणी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. धनवंता खांबाला धरून उभी होती, तोंड पांढरंफटक. सुकरामने गाठोडी उचलली आणि पोरीला म्हणाला, चाल.
तेव्हा मंगली पुढं आली. बापासमोर, पंचांसमोर. पदरावरूनच हेडफोन लावला आणि डोळे मिटले. मग म्हणाली, बोलून राहिले.
पंचाने विचारलं, कोण? कोणाचं नाव घेऊन राहिले?
तिने मान खाली घातली. म्हणाली, जे मी घेत नाही ते.
बस्स! सगळी छपरी हलली. नवऱ्याचं नाव बायको तोंडाने घेत नाही. खोटं बोलायचं असतं तर कोणतंही नाव फेकलं असतं! पंच एकमेकांकडं पाहू लागले. म्हातारा पंच म्हणाला, पोरीचा कान हाय, तिचाच माणूस हाय, तिलेच आयकू येणार. सुकराम लेकीकडं पाहत राहिला. मग गाठोडी तिच्या पायाशी ठेवली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि एकटाच गेला. हेडफोनकडं त्याने पाहिलंही नाही.
जिंकलो! पेटी चालते! फक्त कान लागतो, माझा आणि मंगलीचा. गोंदियाचा हॉल आता नक्की. तिकीट ठेवायचंच.

२ नोव्हेंबर
सकाळी मंगली आली. कापणीला निघाली होती, हातात विळा. सौ. विहिरीवर. मी तिला म्हणालो, काय कान आहे पोरी तुझा!
तिने इकडंतिकडं पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं की काल तिच्या कानात काहीच आलं नाही. बापासंग जायचं नव्हतं म्हणून बोलली. बापाशी आणि पंचाशी खोटं बोलली, पाप लागेल काय, असं विचारत होती. मी पेटीवरची धूळ झटकली. मग तीच म्हणाली, पण तुम्ही तं आयकलं होतं ना भाऊ? त्याच भरवशावर मी बोलली. तुमचं खरं असल तं माह्यं बी खरंच झालं. होय ना?
तिने विळा खाली ठेवला आणि माझ्या तोंडाकडं पाहत राहिली.
हो म्हणालो.
म्हणाली, बरा हाय म्हणले काय? बरा हाय म्हणले, मी म्हणालो. खोकला तं नव्हता? पावसाळ्यात खोकला लागते त्याहिले. मी म्हणालो, नाही, खोकला नव्हता. ती हसली. पहिल्यांदाच हसताना पाहिलं तिला. विळा उचलून गेली.
मग पेटीपुढं बसलो. हेडफोन लावला, डोळे मिटले, तो दिवस आठवला. राम आलं होतं. नक्की आलं होतं. निदान नुसता म तरी. काहीतरी आलंच होतं, नाहीतर मी धावत कसा गेलो असतो?
काही आलं नव्हतं.
तिला सांगावं म्हणून मागच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत गेलो. ती बायकांच्या रांगेत धान कापत होती, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात गाणं म्हणत होती. थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो.