पेंग्विनच्या किनाऱ्यावर पडलेलं लिंग

२३ नोव्हें. जहाजावर
ॐ नमः शिवाय. उद्या दोनदा बर्फाच्या किनाऱ्यावर उतरायचं. लेकानं, महेशनं, सगळ्यांचे बूट-खिसे झाडून घेतले. दाणा, माती न्यायची नाही, तिथला खडाही आणायचा नाही. खाली टेकायचंसुद्धा नाही. पाखरांचा रोग असतो म्हणे. सून रेणूनं भस्माची डबी खोलीतच ठेवायला लावली. गळ्यातल्या इष्टलिंगाला मात्र मी हात लावू दिला नाही. लिंगाची चांदीची डबी चोरीच्या धाकानं लातूरलाच कपाटात. लिंग फडक्यात बांधलंय.

२४ नोव्हें. सकाळी
पूजेनंतर घाईत गाठ सैल बसली असणार. किनाऱ्यावरचा चढ चढताना उकडलं, जाकीट उघडलं, तर नुसतं फडकं लोंबतंय. खाली सगळे काळे गुळगुळीत दगड. माझं लिंगही तसंच, सुपारीएवढं.
‘आई, काय हुडकूलालीस?’ सांगितलं. महेशचा चेहराच उतरला.
वाकले तर वाट दाखवणारी गोरी बाई ओरडली. कळल्यावर बिचारी तीही बघू लागली. एक पेंग्विन चोचीत दगड धरून घरट्याकडं. रेणू म्हणाली, ‘आत्या, महादेव तर ह्यानंच नेला बघा!’ मग माझ्याकडं बघून जीभ चावली.
बोट निघाली. काय करणार.

तीच, दुपार
लिंगपूजेशिवाय घास नाही, लहानपणापासून. नुसतं पाणी घेतलं.
महेश : ‘लातूरला स्वामी दुसरं बांधतील की गं.’
‘तवर?’
त्यानं बूट चढवले. दुसऱ्या किनाऱ्यावर महेश-रेणू दोघंच गेली.

तीच, संध्याकाळ. ऊन तसंच
महेश पळतच आला. ‘सापडलं आई! त्या बाईच्या बुटाला चिकटलं होतं.’ हातावर ठेवलं. जड. पाखरांच्या घाणीचा वास. माझं हलकं, वरचा लेप झिजून तुळतुळीत झालेला. रेणू खिडकीबाहेर बघत राहिली.
‘आता जेव गं.’ डोळ्यांत पाणी पोराच्या.
‘हाव. उद्या आंघोळ करून, पूजा करून जेवते.’

२५ नोव्हें.
दगड डाव्या तळव्यावर घेतला. भस्माचं बोट उचललं, तसंच राहिलं. कुणाच्या घरट्यातला असेल तर? दगडांवरच अंडी घालतात ती. परत ठेवायचा तर महेशला कळणार की मला कळलंय. आणि ठेवून घेतला तर पूजा कुणाची?
आज शेवटचं उतरणं. बोटीची हाक झाली. रेणू दारात, ‘आत्या, येताव का?’ महेश ताटावरचं झाकण काढून समोर बसलाय.
उजव्या हातानं लिहितेय. डावी मूठ अजून मिटलेली.