मेजरची रविवारची आंघोळ

रवि. ९ फेब्रु.
खंडोबाची पूजा आवरली आणि मेजरला आंघोळ घालायला गेले. ह्यांना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याच्या अंगाला पाणी नाही. हे होते तेव्हा... होते काय लिहिते मी. आहेतच की आतल्या खोलीत. हिंडते फिरते होते तेव्हा दर रविवारी त्याला अंगणातल्या नळाखाली उभं करायचे. "सावधान!" म्हटलं की कुत्रं दगडाचं. पलटणीतनं हवालदार होऊन आले आणि कुत्र्याचं नाव ठेवलं मेजर. "जन्मभर मेजरसायबांचं ऐकलं, आता मेजरनं माझं ऐकायचं."
मी त्याला कधी शिवले नाही. देवाचं करायचं असतं. ह्यांचा टोमणा ठरलेला, "टाकावरच्या खंडोबाच्या कुत्र्याला रोज भंडारा लावतीस, आन् दारातल्याला बघून पदर सावरतीस व्हय गं?"
आज बादली भरून मी पण "सावधान" म्हटलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, अंग झाडलं, गेला. मीच भिजले. शिकेकाई वाया.

मंगळ. ११
ह्यांच्या चादरीवर गोचीड. रक्त पिऊन टम्म. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या ताईला सापडली. "काकू, हे चालणार नाही. आजारी माणूस आहे. कुत्रं बाहेर काढा, नाहीतर मी यायची नाही."
बाहेर कसं काढू? तो ह्यांच्या पलंगाखाली झोपतो. डावा हात खाली लोंबतो, तो चाटत बसतो. कुत्रं खोलीत नसलं तर हे घास गिळत नाहीत, तोंडातच धरून ठेवतात. ताईला सांगितलं. ती म्हणाली, मग धुवा त्याला.

रवि. १६, संकष्टी
परत प्रयत्न. ह्यांची जुनी टोपी घालून गेले. लाजच वाटली. नळापर्यंत आला, वास घेतला, दात दाखवले. डोंगराकडचं जनावर, केस वीतवीत लांब. पोटाखाली, कानामागे नुसते गठ्ठे झालेत. फणी आत जायची नाही. घरात येऊन कुत्री धुणाऱ्या गाडीवाल्याला फोन लावला. दर ऐकून ठेवून दिला. तेवढ्यात ह्यांची महिन्याची औषधं येतात.
चंद्र दिसायच्या आधीच भूक मेली.

बुध. १९
अश्विनीचा कऱ्हाडहून फोन. "आई, ऐक माझं. संभाला सांगते, मेजरला कडेगावला घेऊन जाईल. उसाच्या रानात मोकळं राहील." संभा म्हणजे ह्यांचा पुतण्या. म्हटलं, आणि तुझे पप्पा? "पप्पांना आता काय कळतंय गं." मग तीच रडायला लागली. मीच तिला समजावलं.
मार्चपर्यंत मुदत मागून घेतली. आपल्याच लेकीकडे.

बुध. २६, महाशिवरात्र
जतहून बिरू आला, माझा धाकटा भाऊ. दाजींना बघायला. पोत्यात बाजरी आणि मेंढ्या कातरायची कातर, वाटेत धार लावायची होती म्हणून. मेजरला बघितलं आणि हसायला लागला. "आक्का, एवढ्यासाठी रडतीस? मेंढरू हाय ह्ये, मेंढरू!"
मला तरी किती बरं वाटलं. पैसा लागणार नव्हता.
पोतं अंथरलं, कुत्र्याला आडवं पाडलं, चारी पाय सुतळीनं बांधले, मान गुडघ्यात. एकदा गुरगुरलं, मग गप्प. बिरू तोंडानं मेंढरांना करतात तसा च्यक् च्यक् करत होता. "घोंगडं व्हईल की गं ह्याचं!" खाली कातडीला लागून कातरत नेलं. गोचीड चिमट्यानं वेचून रॉकेलच्या डब्यात. कापलं तिथं मी देव्हाऱ्यातला भंडारा लावला. पहिल्यांदा हात लावला. उपासाच्या दिवशी. अंग केवढं बारीक निघालं आतनं. गरम. थरथरत होतं.
"केस येत्यात परत, पावसाळ्यापतुर," बिरू म्हणाला. उपासाची भगर खाऊन संध्याकाळच्या एसटीनं गेला.

त्याच दिवशी, दिवेलागणीला
मेजर पलंगाकडे गेला. ह्यांनी बघितलं. आणि स्पष्ट, अगदी पूर्वीच्या आवाजात,
"हाड!"
झटक्यानंतरचा पहिला धड शब्द.

गुरु. २७
ताईला सांगितलं तर टाळ्या पिटल्या तिनं. "काकू, बोलले! पेढे वाटा!" काय बोलले ते तिनं विचारलं नाही.
मेजर उंबऱ्याच्या बाहेर. आत आला की हे उजवा हात उगारतात.

रवि. २ मार्च
"मेज... कुठाय?" ह्यांचं सकाळपासून तेच. म्हटलं, आवं हा काय, हाच की. बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. माझ्यावर विश्वास नाही. घास पुन्हा तोंडात धरून ठेवतात. मी गाल चोळत बसते.
गोचीड गेली, माणूस जेवायचं थांबलं. देवा, मी काय चुकीचं केलं? माझ्या अंगणात माझ्या हातानं...

शुक्र. ७
डॉ. म्हणाले, होतं असं, ओळख लागायला वेळ लागेल. किती? म्हणाले, ते सांगता यायचं नाही. फी घेतली नाही.

गुरु. १३, होळी
पोळीचा नैवेद्य. मेजरसाठी एक उंबऱ्याबाहेर ठेवली, हुंगून सोडली. अश्विनीचा फोन. पप्पा त्याला हाड म्हणतात, तो जेवत नाही, दोघांचे हाल कशाला. संभा सोमवारी टेंपो घेऊन येतोय.
मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणू.

रवि. १६
जायच्या आधी अंगाला पाणी लागावं म्हणून बादली भरली. ह्यांना उन्हात बसवायचं होतंच, चाकाची खुर्ची नळाजवळच लावली. नळ सोडला. मेजर लांब उभा, कातडीवर नुकती लव आलेली. बोलावलं, येईना. चुचकारलं, येईना. मी थकून कट्ट्यावर बसले.
मागनं आवाज आला. जड, अर्धा. "साव...धान."
कुत्रं चालत आलं आणि नळाखाली दगड झालं.
ह्यांनी हात पुढे केला. मी साबण दिला. निसटला, परत दिला. एका हातानं पाठ चोळली, मान, कानामागे. कसं चोळायचं ते हाताला माहीत होतं. "पाय." पाय वर. "दुसरा." मी नुसती तांब्यानं पाणी घालत होते.
मग थांबले. "कुणाचं हाय ह्ये?"
म्हटलं, हाय एकाचं.
"गुणाचं हाय." कानात बोट घालून बघितलं. "धन्याला सांग... केस कापू नको म्हनावं. आन् दर आयतवारी... घिऊन यायचं."
सांगते म्हटलं.
दुपारी भात खाल्ला. निम्मा. मेजर उंबऱ्यात होता, हाड म्हणाले नाहीत. आत ये, असंही नाही.
संभाचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही. उद्या टेंपो दारात आला की सांगेन, दर रविवारी ह्याची आंघोळ असते, न्यायचं नाही.