मान जरा अवघडली आहे

९ एप्रिल
आइस हॉकीच्या प्लेऑफची पहिली मॅच जिंकलो! त्यांच्या त्या आडदांड डिफेन्सवाल्याने मागून येऊन मला कडेच्या फळ्यांवर असं आपटलं की खांद्यापासून बोटांपर्यंत वीज गेली. थोडा वेळ उजवा हात माझा नव्हताच. मग आला परत. मान जरा अवघडली आहे, बस्स. वय चौतीस, म्हणजे ऐन उमेद. संकल्प : रोज बर्फ लावणे, कुरकुर बंद.

१० एप्रिल
ट्रेनर गॉर्ड म्हणतो, स्कॅन काढू. स्कॅन काढला की काहीतरी सापडतंच. नको म्हटलं. आमच्या टिबोचा जबडा तारेने बांधलाय, स्ट्रॉने सूप पितो आणि खेळतो. दातांच्या फटीतून म्हणाला, "म्हाताऱ्या, मानेचं कसलं कौतुक? मान काय गोल मारते?" खरं आहे.

१३ एप्रिल
करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. फायदाच आहे, पकची रबरी चकती लागली तरी दुखत नाही. सकाळी शर्टाची बटणं लागेनात. नोरीन बघत होती. काजं लहान आहेत म्हटलं. बायकोच ती. म्हणाली, "हाच शर्ट घालून लग्नाला उभा होतास."
शर्ट आटला असणार.

१६ एप्रिल
काट्यावरची पिरोगी, ती बटाट्याची उकडलेली करंजी, दोनदा मांडीत पडली. नोरीनने काटा उचलून चमचा ठेवला. क्लबने पेपरवाल्यांना कळवलं, 'शरीराच्या वरच्या भागाला किरकोळ इजा'. वरच्या भागात काय, केससुद्धा येतात.

१८ एप्रिल
हरलो. आता मालिकेत बरोबरी. कोच हचने विचारलं, "हात कसा आहे रे?" मी मूठ आवळून दाखवली. डावी. खूश झाला.
क्लबच्या डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला लावले. "टाचणी लागतेय?" हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "अजून टोचलीच नाही." पुढे म्हणाल्या, "आणखी एक धक्का बसला, तर..." पण सरावाची वेळ झाली होती. निघालो.

२१ एप्रिल
निकालाची मॅच. शेवटची मिनिटं, बरोबरी, पक माझ्याकडे, समोर रिकामा गोल. जोर लावून मारला. स्टिक हातात नव्हती. कधी पडली कळलंच नाही. त्यांनी पक पळवला आणि तिकडे गोल केला. संपलं.
मग रिवाजाप्रमाणे सगळे रांगेत हात मिळवायला. तो आडदांड आला, माझा लोंबता हात स्वतःच उचलून हलवला आणि हळूच म्हणाला, "ठीक आहेस ना रे?" ढोंगी!
घरी जिना चढताना उजव्या पायालाही मुंग्या. बूट घट्ट आहेत. अक्षर वाकडं येतंय. पेन स्वस्तातलं.

२६ एप्रिल
डेल सांगतोय आणि मी लिहितेय, कारण मानेच्या ऑपरेशननंतर त्याला पेन धरता येत नाही. म्हणतो, "लिही, सप्टेंबरच्या कॅम्पला पहिल्या दिवशी मी बर्फावर." हे मी लिहिणार नाही. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, हात परत येईलच असं नाही, हॉकी संपली. ते सांगत होते तेव्हा हा माझ्या शेजारीच होता.
अजून सांगतोच आहे.
— नोरीन