उस्ता बद्रानच्या गोळ्या

३ फेब्रुवारी

आलो एकदाचा दमियातला, या सुतारांच्या गावाला! घर झकास आहे. खाली बंद पडलेला सुतारखाना, वर आम्ही, आणि जिन्यापर्यंत येणारा बीच झाडाच्या लाकडाचा वास. माझ्या खोलीत भक्कम टेबल आहे, त्यावर ही नवी वही. कैरोच्या इस्पितळानं मला माझ्या जिभेपायी घालवलं, बरंच केलं. तीन महिन्यांत असा अहवाल लिहीन, की तिथल्या गाढवांनी चौकट करून भिंतीवर लावावा.

काम सोपं. उस्ता बद्रान, वय चौऱ्याहत्तर, लाकडावर नक्षी कोरणारा कसबी कारागीर, म्हणून उस्ता. सात वर्षं पार्किन्सन. हात हलतात, चेहरा पाटीसारखा कोरा. मोठ्या डॉक्टरांनी तीन औषधं लिहून दिलीत. ती आळीपाळीनं द्यायची, रोज नोंद ठेवायची आणि कुठलं कायम ठेवायचं ते मी सांगायचं. त्याची मुलगी इन्शिराह मला 'डॉक्टर वग्दी' म्हणते. आहे मी नुसता औषधवाला, पण ही चूक आपल्या देशात कुणी सुधारत नाही, मीही सुधारली नाही. माझ्या आधी तिघं होते म्हणे. पळाले असतील, दमियातकरांकडे कोण टिकणार? पाहुण्याला विचारतात, "जेवणार, की हलक्या पोटानं झोपणार?"

पण इथं उलटंच. न्याहारीला तांब्याचं एकच ताट. बाकल्याच्या दाण्यांची उसळ, वर तेल, जिरं आणि उस्तानं स्वतः चिमटीनं टाकलेलं मीठ. त्यातलं अर्धं थरथरीनं टेबलावर सांडलं. मीही त्याच ताटात खायचं असा त्याचा हट्ट. भाकर-मीठ एकत्र झालं की माणूस घरचा होतो म्हणे. फुकटचं होतं, खाल्लं.

९ फेब्रुवारी

पहिलं औषध लेव्होडोपा. गुण येतो, पण तीन तासांत उतरतो आणि हात पुन्हा चाळणी हलवल्यासारखे हलतात. खरा घोळ उसळीचा. बाकल्यात मुळातच लेव्होडोपा असतो आणि त्याच दाण्यांमधली प्रथिनं गोळीला आडवी येतात. म्हणजे एका हातानं द्यायचं, दुसऱ्यानं काढायचं. सात वर्षं हे लोक रोज सकाळी हेच करताहेत आणि कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही! उसळ बंद करा म्हटलं तर इन्शिराहनं हात जोडले. काय ते बंद करा, पण अब्बांचं ताट बंद करू नका, एकट्यानं जेवायला लावू नका. अडाण्यांपुढं शास्त्र वाचण्यात अर्थ नाही. गोळी अर्धा तास आधी देतो. मीही जेवतो त्याच्या ताटात, त्याला बरं वाटतं.

२ मार्च

दुसरं औषध, प्रॅमिपेक्सोल. चढउतार कमी. घोटे सुजतात, दिवसा पेंगतो, पण हात निम्म्यानं शांत! काल त्यानं चहाचा ग्लास स्वतः उचलला. इन्शिराह रडली. मी तिला सांगितलं, रडायचं काय त्यात, हे शास्त्र आहे.

या औषधानं भास होतात, तेही झाले. आज न्याहारीला उस्ता माझ्या उजव्या अंगठ्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाला, "ती बघा, तिथं जाऊन बसली." काय बसली विचारलं तर म्हणे, माझी थरथर. मग माझी माफी मागितली. मी नोंद केली: भ्रम, सौम्य, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

९ मार्च

अंगठा हलतो. चहा जास्त होतोय.

१ एप्रिल

तिसरं औषध, रसाजिलीन. हे एरवी मिळमिळीत, एकट्यानं फारसा उजेड पाडत नाही. तरी म्हातारा आज जिना उतरला आणि पटाशी धरून बसला. पानाफुलांची रेघ ओढली, सरळ! हात दगडासारखा. सात वर्षांत मोठमोठ्यांना जमलं नाही ते मी करून दाखवलं.

एक किरकोळ गोष्ट. पहिल्या पानावर माझ्या ओळीत सहा शब्द बसायचे. आज अकरा बसले. पेन बदलायला हवं.

१४ एप्रिल

पेन बदललं. सोळा शब्द.

पटाश्यांच्या पेटीत तीन वह्या सापडल्या. माझ्या आधीच्या तिघांच्या, प्रत्येकीला त्याचं नाव सुबक कोरलेली लाकडी पट्टी बांधलेली. तिघांनी हीच तीन औषधं दिली. पहिल्याच्या मते लेव्होडोपा उत्तम, दुसरा प्रॅमिपेक्सोलचा भक्त, तिसरा रसाजिलीनसाठी भांडायला तयार. तीन शहाणे, तीन निकाल. आणि उस्ताचा हात तिघांच्याही वेळी दुसऱ्या महिन्यातच शांत झालेला.

अक्षर तिघांचं सुरुवातीला टपोरं. शेवटी मुंग्या. या रोगात अक्षर असंच आकसत जातं.

१५ एप्रिल

इन्शिराहला विचारलं. तिनं काही लपवलं नाही, तेच वाईट. म्हणाली, ज्यानं अब्बांचं मीठ खाल्लं तो त्यांचं ओझं उचलतो. तो आहे तोवर अब्बा बरे. तिसरा डिसेंबरात वारला, इथंच, तुमच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी अब्बांचे हात पुन्हा हलायला लागले, म्हणून तुम्हाला बोलावलं. मी ओरडलो, शिव्या दिल्या. ती शांतपणे म्हणाली, "आम्ही कुणाला बांधून ठेवत नाही, डॉक्टर. दार उघडंच असतं."

दार उघडंच होतं. जिन्याकडच्या उंबरठ्यापाशी पाय रुतले. दोन्ही. जमिनीला खिळल्यासारखे. वीस मिनिटं उभा होतो. दारात पाय थिजणं — मी दहा वर्षं रोग्यांना समजावलंय हे. हसायचो त्यांना.

मला भीती वाटते. लिहून टाकतो, मला फार भीती वाटते.

१७ एप्रिल

ताटाला शिवलो नाही कालपासून. फरक नाही. त्याच्याच गोळ्या घेतल्या, मोजून, वेळेवर. पहिली — नाही. बाकीच्या दोन्ही — नाही. तुलना पूर्ण झाली.

पण मी मूर्ख नाही. थिजलेल्या पायांपुढं जमिनीवर आडव्या रेघा मारल्या की पाय उचलले जातात. ही युक्ती या सुतारांना कुठून ठाऊक असणार? रेघांऐवजी घरातच पडलेल्या बीचच्या सात पट्ट्या घेतल्या. खोलीपासून उंबरठ्यापलीकडे, पावलागणिक एक. उद्या सकाळी.

१८ एप्रिल

वही बरोबर आहे. इस्पितळात दाखवीन, सगळं —

एक. दोन. पाय उचलतोय! तीन. चार —

पाच. सहा. सहाव्यावर उभा. सातवी उंबरठ्याच्या पलीकडे, बाहेर —

उस्ता बाहेर स्टुलावर बसलाय. ताट शेजारी. सातवी पट्टी त्यानं उचलली —

मांडीवर घेतली. पटाशी काढली. कोरतोय. माझ्याकडे बघून म्हणाला, बसा डॉक्टर, उसळ निवतेय —

पाय —

वग्दीचा व — काय सुबक — हात जराही हलत ना