दहा तारा, बारा फोटो

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (डॉक्टरांनी वाकायला परवानगी दिली आहे, म्हणून या खेपेस अगदी जमिनीला नाक लावून). तुझी तब्येत विचारत नाही. तू "ठणठणीत" लिहिणार, आणि वहिनी फोनवर सांगणार की जिना चढताना तू मध्येच थांबून भिंतीचा रंग बघत बसतोस. जन्मभर खांबांवर चढून लोकांच्या घरी वीज जोडलीस, आणि आता छातीला तारा लावायच्या म्हटलं की पळ काढतोस! म्हणून मीच आधी ईसीजी काढून आलो. दादा, मी जिंकलो.

पहिली गोष्ट, ते यंत्र आपल्याला वीज देत नाही. मीटर त्यांचा, वीज आपली. दर ठोक्याला ती हृदयात उठते, वरून खाली पसरते, तिचा अंश कातडीपर्यंत पोचतो आणि यंत्र तेवढाच टिपतं. ईसीजीवाल्या बाईंनी दहा तारा लावल्या आणि कागदावर चित्रं आली बारा. मी भांडायलाच उठलो. आयुष्यभर फोटो स्टुडिओ चालवला, दहा कॅमेऱ्यांतून बारा फोटो कुठले? बाई म्हणाल्या, "काका, पडून राहा बघू. तार म्हणजे कॅमेरा नाही. तारांमधला विजेचा फरक मोजला की एकेक चित्र निघतं."

त्यात एक चित्र साफ उलटं! मी मनातल्या मनात दोन्ही कॅमेरे तुझ्या मुलाला देऊनही टाकले. पण ते होतं उजव्या खांद्याकडून पाहिलेलं. वीज जाते डावीकडे, खाली. ती ज्याच्याकडे येते तिथून रेघ वर, ज्याच्यापासून लांब जाते तिथून खाली. म्हणजे समोरून चेहरा, मागून पाठ! एवढंच ते शास्त्र. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना मी ते समजावून सांगितलं (कोणी विचारलं नव्हतं). डॉक्टर कागद पाहून "उत्तम" म्हणाले. मी छाती काढून घरी आलो. शर्टाची बटणं लावायची राहिली होती, हे बायकोने दारात सांगितलं.

उत्तम हृदयाचा,
तुझा धाकटा

ता. क. गुरुवारी सकाळची तुझी वेळ घेतली आहे. वहिनी सामील आहे, तेव्हा पळायची सोय नाही.

आणखी एक ता. क. "उत्तम" तो दुसरा कागद. पहिला बाद झाला. मी इतका थरथरत होतो की यंत्राने स्नायूंचीही वीज टिपली आणि सगळ्या रेघा करवतीच्या दातांसारख्या आल्या. भीती वाटते रे दादा, मलाही वाटली. मी शेजारी उभा राहीन. हातापायांना तारा असतात, त्यामुळे हात धरता येणार नाही. कान धरीन. शाळेत नेताना तू माझा धरायचास, तसा.