वापरलेलं ब्लँकेट

मस्कत, १० ऑक्टोबर १९९४

तीर्थरूप अण्णा,

तुमच्या अन् आईच्या पायांवर डोकं ठेवून सत्यमचा नमस्कार. मी इथं मजेत हाय. जेवायला रोज वरण-भात मिळतो.

आईला ब्लँकेट अन् आपल्या धाकटीला, सुकन्याला, लातूरच्या पहाटेच्या क्लाससाठी गजराचं घड्याळ पाठवलंय. नव्या वस्तूंवर कस्टमवाले लई ड्यूटी लावतात, म्हणून "फॉर्मवर वापरलेलं लिही," असं खोलीतले सगळे सांगत होते. पण खोटं लिहायला हात धजेना. तुमच्याच शाळेत शिकलो ना! मग चौदा दिवस दोन्ही वापरलं. पहाटे चारला गजर, अन् या उकाड्यात अंगावर ब्लँकेट! सगळे हसत होते. पंधराव्या दिवशी छातीठोकपणे "वापरलेलं" लिहिलं. धुऊन पाठवलंय, आईला सांगा. तरी पोस्टात ड्यूटी मागितली तर वाद घालू नका.

तुमचा खोकला कसा हाय?

भूकंपाला वर्ष झालं तरी आई अंगणातच झोपते, असं सुकन्यानं लिहिलंय. आता थंडी येईल. तिला म्हणावं, हे ब्लँकेट घेऊन सत्यम चौदा रात्री छताखाली झोपला, काही झालं न्हाई. पंधरावी रात्र तिनं काढावी. घरात.

तुमचा,
सत्यम